एक आडनाव क्रियापद होते : ‘बॉयकॉट’ची गोष्ट (थ्रेड)

१/ अंधेरी-घाटकोपर मेट्रोत उभा असलेला एखादा तरुण मोबाईलवर सहज लिहून जातो, ‘बॉयकॉट करा’. आपण एका माणसाचे आडनाव वापरत आहोत, हे त्याच्या गावीही नसते.

२/ चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यातील जमीनदाराचा कारभारी. सप्टेंबर १८८० मध्ये पार्नेल या पुढाऱ्याने सांगितले : बेदखल कुळाची जमीन जो घेईल त्याला मारू नका, वाळीत टाका. लवकरच हे शस्त्र बॉयकॉटवर चालले. मजूर शेत सोडून गेले, दुकानदारांनी माल नाकारला. पीक काढायला बाहेरून सुमारे ५० माणसे आणि त्यांच्या रक्षणाला शेकडो शिपाई आणावे लागले. डिसेंबरात बॉयकॉटने आयर्लंड सोडले. आडनाव मात्र क्रियापद होऊन मागे राहिले.

३/ वंगभंगानंतर, १९०५ पासून, हा शब्द महाराष्ट्रातही गाजला. टिळकांच्या चतुःसूत्रीत तो ‘बहिष्कार’ म्हणून आला. १९३० साली विलेपार्ल्याच्या छावणीतून मिठाचा सत्याग्रह झाला आणि त्याच वर्षी १२ डिसेंबरला, काळबादेवीत विदेशी कापडाची लॉरी अडवताना, बाबू गेनू यांनी प्राण दिले.

४/ परंतु वाळीत टाकणे मराठी मुलखाला नवे नव्हते. गावाने मजुरी बंद करायची, वाण्याने धान्य द्यायचे नाही, पाणवठा तोडायचा. आयर्लंडात दुबळ्यांनी बलवानाला एकटे पाडले. इथे बलवान दुबळ्यांना एकटे पाडत. एप्रिल १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी पाक्षिक काढले, ‘बहिष्कृत भारत’. ‘बहिष्कार’ आणि ‘बहिष्कृत’ यांचा धातू एकच. पण ‘बहिष्कृत’ म्हणजे ज्याच्यावर ती क्रिया घडली तो.

५/ बाबू गेनू गेले त्याच हिवाळ्यात लंडनला पहिली गोलमेज परिषद भरली होती. तिथे आंबेडकर आणि श्रीनिवासन यांनी मागणी केली : सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा. त्याची व्याख्या त्यांनी ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या कायद्यावरून घेतली.

६/ महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा स्वतंत्र कायदा जुलै २०१७ मध्ये लागू झाला. त्या मागणीला तोवर ८६ वर्षे उलटून गेली होती.

७/ म्हणून हे क्रियापद वापरताना व्याकरणाचा साधा प्रश्न आधी विचारावा : कर्ता कोण आणि कर्म कोण? शब्द तोच असतो. तो न्याय आहे की छळ, हे त्या उत्तरावरून कळते.