नदीचं मूळ विचारावंच लागतं

परदेशातल्या सहलीचं बुकिंग करताना तुम्ही काय काय बघता? विमानाचं तिकीट, व्हिसा, हॉटेलचे फोटो, जवळपास आपल्यासारखं जेवण मिळतं का, आणि गेल्या वर्षी जाऊन आलेल्या एखाद्या मावशींचा अनुभव. हवामानही बघत असाल. पण नदीत पाणी किती आहे आणि ते किती गरम आहे, हे कधी बघितलंय?

बहुतेकांचं उत्तर 'नाही' असंच येईल. आपण नदीकडे बघतो ते फोटोची पार्श्वभूमी म्हणून. पण तुमच्या घरात कुणाला गळ टाकून मासे पकडायचा छंद असेल आणि त्या छंदापायी परदेशी जायचा बेत शिजत असेल, तर हा लेख त्यांना नक्की वाचायला द्या. 'नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये' अशी आपल्याकडे म्हण आहे. ऋषींचं ठीक आहे, पण अशा सहलीला निघताना नदीचं मूळ, पाणी, ताप सगळं विचारावंच लागतं.

आमचे बाबा आणि डी नदी

आम्ही इंदूरचे. बाबांचं लहानपण नर्मदेकाठी गेलं. महसीर हा मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे हे पुष्कळांना माहीत नसतं, पण बाबांना त्याच्या खवल्यांचा रंगही तोंडपाठ. सरकारी नोकरीतून ते निवृत्त झाले, त्याच्या आदल्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. त्यामुळे 'पुढच्या वर्षी बघू' हे वाक्य आमच्या घरातून हद्दपार झालं. माझा दादा स्कॉटलंडमध्ये, ॲबर्डीनला नोकरी करतो. त्याने निवृत्तीची भेट म्हणून बाबांसाठी डी नदीवर तीन दिवसांची सॅल्मनची मासेमारी बुक केली. जानेवारीत पैसे भरले, तारीख मिळाली २०२२ च्या ऑगस्टची.

स्कॉटलंडमध्ये कुणीही उठून नदीत गळ टाकू शकत नाही. नदीच्या प्रत्येक तुकड्यावर मासेमारीचे हक्क कुणाचे तरी असतात. त्या तुकड्याला 'बीट' म्हणतात. तिथे दिवसाच्या हिशोबाने पैसे भरायचे आणि आपल्या वाट्याच्या तारखांनाच जायचं. रविवारी तर कायद्यानेच सॅल्मनची मासेमारी बंद. म्हणजे हे काहीसं मंगल कार्यालयाच्या बुकिंगसारखं. तारीख हुकली की हुकली.

मी आणि आई बाबांसोबत गेलो. डी नदी केर्नगॉर्म पर्वतात उगम पावते आणि सुमारे १४० किलोमीटर वाहत ॲबर्डीनला समुद्राला मिळते. ब्रिटिश राजघराण्याचा बाल्मोरल किल्लाही हिच्याच काठावर. बाबांनी मोबाइलवर तिचे इतके व्हिडिओ बघितले होते की पहिलं वळण येताच ते म्हणाले, "अगं, इथे पाणी निम्मंसुद्धा नाही."

खरंच नव्हतं. त्या जुलैत स्कॉटलंडमध्ये पारा जवळपास ३५ अंशांवर गेला होता. तिथल्या लोकांसाठी हे आक्रीतच. ऑगस्टमध्ये पूर्व स्कॉटलंडला पाणीटंचाईचे इशारे दिले जात होते. नदीत मोठमोठे गोटे उघडे पडले होते आणि मधून पाण्याची बारीक धार चालली होती.

पाणी कमी झालं तर बिघडतं काय?

हे समजायला सॅल्मनची गोष्ट माहीत हवी. आधी एक गोंधळ दूर करू. मुंबईच्या बाजारात रावसाला 'इंडियन सॅल्मन' म्हणतात, पण तो मासा पूर्ण वेगळा. अटलांटिक सॅल्मन नदीत जन्मतो, मोठा व्हायला समुद्रात जातो, एक ते तीन वर्षं तिथे काढतो आणि अंडी घालायला आपल्याच जन्माच्या नदीत परत येतो. नदीत शिरल्यावर तो जवळजवळ काही खात नाही. अंगात साठवलेल्या चरबीवर पुढचे महिने काढतो.

पाऊस पडून नदी फुगली की हे मासे समुद्रातून वर चढतात. पाणी उतरलं की मुखापाशी खोळंबून राहतात, नाहीतर एखाद्या खोल डोहात दबा धरून बसतात. म्हणजे पाणी कमी असेल तर मुळात मासाच नसतो, आणि असला तरी हलत नाही.

दुसरी गोष्ट तापमानाची. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम प्राणवायू राहतो, २० अंशांना तो ९ मिलिग्रॅमवर येतो. आपल्याला हा फरक किरकोळ वाटेल. पण गळाला लागून झुंजलेल्या, धाप लागलेल्या माशासाठी तो जीवन-मरणाचा असतो. डी नदीत पकडलेला सॅल्मन मारत नाहीत, पुन्हा पाण्यात सोडतात. मात्र गरम पाण्यात सोडलेला मासा डोळ्यांसमोर पोहत गेला, तरी नंतर मरण्याची शक्यता बरीच वाढते.

नदीवर पाहुण्यांना वाट दाखवणारा, मासेमारीचं सगळं बघणारा जो माणूस असतो त्याला तिथे 'गिली' म्हणतात. आमच्या गिलीकाकांनी पहिल्या दिवशी सकाळी पाण्यात थर्मामीटर बुडवला. १८ अंश. दुपारी पुन्हा बघितलं तर २१. ते बाबांना म्हणाले, "पैसे तुम्ही भरलेत, बंदी नाही. पण मी तुमच्या जागी असतो तर दुपारी गळ टाकला नसता."

दादाचा चेहरा पडला. त्याच्या पगारातला मोठा हिस्सा त्या तीन दिवसांत गेला होता. बुकिंग करणाऱ्यांना त्याने फोन केला, तेव्हा करारातलं वाक्य त्याला ऐकवण्यात आलं : नदीच्या स्थितीची हमी नाही, पैसे परत मिळणार नाहीत. दादा बाबांना म्हणाला, "बाबा, एवढ्या लांब आलात. एक-दोन वेळा टाका ना. कोण बघतंय?"

बाबा बराच वेळ पाण्याकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "अरे, ती बाळंतपणाला माहेरी आलीय. दारातच अडवायची का तिला?"

यावर कुणीच काही बोललं नाही. आईने पिशवीतून थर्मास काढला आणि सगळ्यांना चहा दिला.

तीन दिवसांत बाबांनी पहाटेचे मोजके तास तेवढा गळ टाकला, पाणी थंड असताना. मासा लागला नाही. दुपारी गिलीकाकांनी पिसं आणि दोरा गुंडाळून केलेल्या खोट्या माशीचा आकडा पक्कडीने तोडून दिला आणि बाबांना दोन हातांनी धरायची लांब काठी फिरवायला शिकवलं. आकडा नाही, म्हणजे माशाला धोका नाही. साठी ओलांडलेला माणूस शाळेतल्या मुलासारखा दोरी हवेत फेकत होता, चुकत होता, हसत होता. त्यांचं ते हसणं आम्ही अँजिओप्लास्टीनंतर पहिल्यांदा ऐकलं.

आम्ही परतल्यावर तिकडे पाऊस झाला. नदी चढल्याचा फोटो दादाने पाठवला. बाबांनी तो मोठा करून बघितला आणि म्हणाले, "चला, गेली असेल घरी."

ही एकट्या आमची गोष्ट नाही

तुम्हाला वाटेल, एखाद्या वर्षी दुष्काळ पडला, त्याचं एवढं काय? पण नद्यांचं गणित सगळीकडेच बदलतंय. २०१८ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधल्या सुमारे ७० टक्के नद्यांचं पाणी किमान एक दिवस तरी २३ अंशांच्या वर गेलं होतं. २०२३ मध्ये तिथे गळाला लागलेल्या सॅल्मनची संख्या १९५२ पासूनच्या नोंदींत सर्वांत कमी होती. त्याच वर्षी अटलांटिक सॅल्मन जगाच्या पातळीवर 'धोक्याच्या उंबरठ्यावर' असलेल्या प्रजातींत गेला. आता डी नदीच्या खोऱ्यात काठांवर झाडं लावली जात आहेत, कारण सावली पडली तर पाणी तेवढं तरी थंड राहील.

नॉर्वेत तर २०२४ च्या जूनमध्ये ऐन हंगामात ३३ नद्यांमधली सॅल्मनची मासेमारी सरकारने बंद केली. गाउला आणि ऑर्क्ला या नावाजलेल्या नद्याही त्यात होत्या. समुद्रातून मासे फारच कमी परतले होते. जगभरातून आलेल्या आणि येऊ घातलेल्या लोकांची बुकिंग एका आदेशात अडकली. त्यातल्या काही नद्या पुढे अटी घालून उघडल्या, पण सुट्टी कुणाची थांबते?

आपल्याला जवळचं उदाहरण नेपाळचं. महसीरसाठी कर्णाली नदीवर जाणारे भारतीय पुष्कळ आहेत. तिथे पावसाळ्यात पाणी इतकं गढूळ आणि वेगवान होतं की गळ टाकण्यात अर्थ उरत नाही. उन्हाळा चढला की बर्फ वितळून पाणी राखाडी होतं. पावसाळ्यानंतरचे आणि उन्हाळ्याच्या तोंडावरचे थोडेच आठवडे हाती राहतात, आणि तेही दरवर्षी थोडे मागे-पुढे होतात.

पैशांपेक्षा मोठी जोखीम

आतापर्यंत मी माशाची आणि पैशांची गोष्ट केली. पण नदी चढते तेव्हा जोखीम माणसाच्या जिवाची असते. गळ टाकणारे लोक कमरेपर्यंत पाण्यात उतरतात. छातीपर्यंत येणारी रबरी विजार घातलेली असते. अशा वेळी डोंगरात कुठेतरी पाऊस पडला किंवा वरच्या धरणातून पाणी सोडलं, तर खाली ऊन असतानाही पातळी भराभर वाढते.

२०१४ च्या जूनमध्ये हिमाचलच्या बियास नदीत काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात सहलीला आलेले २४ इंजिनीअरिंगचे विद्यार्थी वाहून गेले. ते मासे पकडायला गेले नव्हते, नुसते फोटो काढायला उतरले होते. आपल्या देशात, आपली भाषा समजत असताना हे घडतं. मग परक्या देशात, जिथे धोक्याचा भोंगा कशासाठी वाजतोय हेही कळत नाही, तिथे किती सावध राहायला हवं?

निघण्यापूर्वी एवढं कराच

– ज्या आठवड्यात जायचं आहे, त्या आठवड्याच्या गेल्या पाच-दहा वर्षांतल्या नोंदी मागा. पाणी किती होतं, मासे किती लागले हे चांगल्या नदीवरचे लोक सांगतात. फक्त एका उत्तम वर्षाचे फोटो दाखवत असतील, तर पुढे विचारा.

– नदी आटली, पूर आला किंवा सरकारने मासेमारी बंद केली, तर पैशांचं काय होणार हे लेखी घ्या. पुढच्या वर्षीची तारीख बदलून मिळेल का, तेही विचारा. नेहमीच्या प्रवास विम्यात 'नदीत पाणी नव्हतं' या कारणाला जागा नसते, म्हणून अटी नीट वाचा.

– स्कॉटलंडसारख्या देशांत नद्यांची पातळी इंटरनेटवर फुकट बघता येते. निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून रोज बघा. नदी चढतेय की उतरतेय, हे तुमचं तुम्हालाच कळू लागेल.

– थर्मामीटर सोबत ठेवा. सॅल्मनसाठी पाणी २० अंशांच्या आसपास गेलं की गळ गुंडाळा. पहाटेचा वेळ सर्वांत बरा.

– स्थानिक वाटाड्याशिवाय अनोळखी पाण्यात उतरू नका. लाइफ जॅकेट घाला, रबरी विजारीवर कमरेला पट्टा घट्ट बांधा, हातात काठी ठेवा. वर धरण आहे का आणि पाणी सोडण्याचा इशारा कसा देतात, हे पहिल्याच दिवशी विचारा.

– घरून नेलेलं सामान धुऊन, पूर्ण वाळवून न्या. आइसलँड आणि नॉर्वेत परदेशातून आणलेलं सामान निर्जंतुक करावं लागतं, न्यूझीलंडमध्ये तळाला नमदा लावलेले बूट चालत नाहीत. एका नदीतला रोग दुसऱ्या नदीत आपल्याच बुटांतून जातो.

– सगळे दिवस मासेमारीलाच देऊ नका. घरातल्या बाकीच्यांसाठी आणि नदी रुसली तर तुमच्यासाठीही काहीतरी वेगळं ठरवून ठेवा.

आणि शेवटचं, जे कुठल्याही यादीत बसत नाही. हॉटेलची खोली बुक केली की ती आपली होते. टॅक्सी बुक केली की ती दारात येते. पैसे भरले की मिळालंच पाहिजे, ही सवय आपल्याला लागलीय आणि बाजारात ती योग्यही आहे. नदीवर आपण फक्त काठावर उभं राहायची परवानगी विकत घेतो. पाणी, पाऊस आणि मासा यांनी आपल्याशी कुठलाही करार केलेला नसतो. तेव्हा जरूर जा, चौकशी पक्की करून जा, आणि नदी त्या दिवशी 'नको' म्हणाली तर तिचं ऐकायची तयारीही सोबत घेऊन जा.