गोडं पाणी कुणाचं?

चेरीताल, जबलपूर

प्रिय सुलू,

तू दाभोळला राहायला गेलीस, याचा मला खरंच हेवा वाटतो. आमच्या चेरीतालात आता ताल, म्हणजे तळं, उरलेला नाही. राणी दुर्गावतीच्या दासीने तो खोदवला म्हणतात. आज तिथे नुसती वस्ती. पण नर्मदा आहे, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर देताना मला तीच आठवते.

एकाच खाडीत दाभोळला एक मासळी आणि चिपळूणकडे दुसरीच, असं का, म्हणून विचारलंस. मुख्य कारण मीठ. मुखाशी पाणी खारं, वर जावं तसं मचूळ, आणखी वर गोडं. अंगातलं मीठ सांभाळणं प्रत्येक माशाला जमत नाही, म्हणून समुद्रातली बहुतेक मासळी मुखाच्या आसपासच राहते. बोई, जिताडा असे थोडेच बेधडक वरखाली करतात. जिताडा अंडी घालतो खाऱ्यात आणि त्याची पिल्लं गोड्याकडे चढतात. हिलशाचं नेमकं उलट, तो अंडी घालायला नदीत शिरतो. शिवाय खाडीत पिल्लांची गर्दी फार. गढूळ पाण्यात आणि तिवरांच्या मुळांत लपायलाही मिळतं, खायलाही.

पण खारं आणि गोडं नेमकं कुठे भेटणार, हे वरून किती पाणी येतं त्यावर ठरतं. इथे तुझ्या खाडीला मिळणारी वाशिष्ठी जगावेगळी आहे. कोकणातल्या बहुतेक नद्या उन्हाळ्यात आटतात आणि खारं पाणी वर चढतं. वाशिष्ठीत मात्र 1962 पासून कोयना धरणाचं पाणी येतं. सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी उतरायचं, पोफळीला वीज करायची आणि मग नदीला मिळायचं. घाटावरचं पाणी कोकणातल्या खाडीला!

आमच्या नर्मदेचं उलट झालं. आमच्या उशाशी बरगीचं धरण, खाली इंदिरासागर, ओंकारेश्वर, आणि शेवटी 2017 मध्ये पूर्ण झालेलं सरदार सरोवर. 1312 किलोमीटर वाहून ती भरूचपाशी खंबातच्या आखाताला मिळते. पावसाळ्यात पुराच्या पाण्याची चाहूल लागली की हिलसा तिथून वर चढायचा. धरणांनी पाणी अडवलं, खारं पाणी आत शिरलं आणि हिलसा घटला. आता भाडभूतला खारं पाणी थोपवायला बंधारा बांधताहेत. खारं थांबेलही, पण हिलशाने वर जायचं कुठून? धरणांची वीज आपण सगळेच वापरतो. तरी समुद्राला मिळालेलं पाणी वाया गेलं, असा हिशेब मांडतात ना, तो मला मुळीच मान्य नाही. त्याच पाण्यावर भरूचकडच्या मच्छीमारांची चूल पेटत होती.

एक काम करशील? खाडीतल्या भोई मंडळींना विचार, पोफळीहून पाणी कमी येतं तेव्हा जाळ्यात काय बदलतं? बोई कुठवर चढते, कोलंबी कुठे लागते? लोटे-परशुरामच्या कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दलही विचार, त्याचा जाच त्यांनी वर्षानुवर्षं सोसलाय. ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून पाठव.

तुझी,
मंदा