ओढून आणलेली गाडी

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत एक जात अशी असते की तिचा मूळ बिघाड अगदी किरकोळ होता. कुणाचा अल्टरनेटर गेलेला, कुणाचा फ्युएल पंप, कुणाच्या रेडिएटरचा पाइप फाटलेला. तो बिघाड दुसऱ्या गॅरेजमध्ये निघतो, गाडी रस्त्याला लागते, आणि काही दिवसांनी गिअर उशिरा पडू लागतो, चढावर इंजिन नुसतं ओरडतं, डी मध्ये टाकताना धक्का बसतो. मग ती माझ्याकडे येते. अशा वेळी माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मधे गाडी बंद पडली होती का, आणि गॅरेजपर्यंत आणली कशी? बहुतेकांना हा प्रश्न विषय सोडून केलेला वाटतो. उत्तरही ठरलेलंच असतं: टोचन करून आणली, पण न्यूट्रलमध्ये होती. या ‘पण न्यूट्रलमध्ये होती’ वरच माझा आक्षेप आहे. ऑटोमॅटिक गाडीची ज्या चाकांना इंजिनाची ताकद जाते ती चाकं रस्त्यावर फिरवत गाडी लांब नेऊ नये. न्यूट्रलच्या भरवशावर तर मुळीच नेऊ नये.

न्यूट्रलवरचा हा विश्वास आला कुठून, ते समजण्यासारखं आहे. आपल्याकडे दोन पिढ्या फियाट, अ‍ॅम्बेसेडर आणि मारुती ८०० वर गाडी शिकल्या. गाडी बंद पडली की दोरखंड बांधायचा, गिअर काढायचा, मागच्या गाडीत एकानं स्टिअरिंगवर बसायचं. त्या गाड्यांसाठी हे बरोबरच होतं. हातानं बदलायच्या गिअरबॉक्समध्ये दाते ऑइलमध्ये बुडालेले असतात. चाकं फिरली की आतला शाफ्ट फिरतो, दाते ऑइल उडवतात, आणि ते उडालेलं ऑइल सगळीकडे पोचतं. इंजिन चालू आहे की बंद, याचा त्या वंगणाशी फारसा संबंध नसतो. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकची रचना वेगळी आहे. तिथे ऑइल उडत नाही, पंपानं पाठवलं जातं. हा पंप टॉर्क कन्व्हर्टरच्या मानेवर बसवलेला असतो, आणि कन्व्हर्टर इंजिनाला बोल्टांनी जखडलेला असतो. इंजिन फिरलं तर कन्व्हर्टर फिरणार, कन्व्हर्टर फिरला तर पंप. इंजिन थांबलं की सगळं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरून स्वस्थ पडून राहतं. वर शाफ्ट, बुश, वॉशर आणि क्लच प्लेटा यांच्यावर उरतो तो फक्त ओशट पापुद्रा.

आता न्यूट्रल काय करतं ते पाहू. न्यूट्रलमध्ये आतले क्लच सुटतात, म्हणजे इंजिन आणि चाकं यांच्यातला दुवा तुटतो. चाकं आणि गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट यांच्यातला दुवा मात्र तसाच राहतो, तो कुठल्याच दांड्यानं तुटत नाही. चाक फिरलं की तो शाफ्ट फिरणार, त्याच्याबरोबर ग्रहमालेसारखे एकमेकांभोवती फिरणारे गिअर फिरणार, आणि त्यांतले काही मोकळे सुटलेले असल्यामुळे नेहमीपेक्षा जास्त वेगानं गरगरू शकतात. मी हे लोकांना आकड्यांनी सांगतो, कारण डोळ्यांना काही दिसत नाही. १८५/६५ आर १५ मापाच्या टायरचा घेर साधारण १.९५ मीटर भरतो. म्हणजे एका किलोमीटरला चाक ५१० वेळा फिरतं, वीस किलोमीटरला दहा हजारांहून जास्त. चाकाच्या आधी डिफरन्शियलमध्ये वेग साधारण चौथ्या हिश्शावर आणलेला असतो, म्हणजे गिअरबॉक्समधला शाफ्ट तेवढ्यात चाळीस हजारांच्या वर फेऱ्या मारतो. ताजं ऑइल न मिळता चाळीस हजार फेऱ्या. पहिले काही किलोमीटर तो ओशट पापुद्रा निभावून नेतो, मग तो पुसला जातो, धातू धातूवर घासू लागतो, उष्णता वाढते. ती बाहेर नेणारं ऑइलच फिरत नसल्यामुळे साठत जाते.

अशी गाडी उघडल्यावर जे दिसतं ते एकदा पाहिलेला माणूस पुन्हा टोचनचं नाव काढत नाही. चेंबरचे बोल्ट सोडले की आधी वास येतो, करपलेल्या दुधासारखा. लालसर असायला हवं ते ऑइल गडद तपकिरी, कधी काळंच. मागच्या शाफ्टवरचा बुश बोटानं फिरवून पाहावा. चांगला बुश राखाडी आणि मऊ लागतो. घासलेल्याचा वरचा थर गेलेला असतो, खालचं पितळी अंग उघडं पडलेलं असतं आणि नख फिरवलं की ओरखडे अडकतात. त्याच्या समोरचा शाफ्ट निळसर झालेला असतो, तव्यावर तापलेल्या लोखंडासारखा. बुश झिजला की त्यातून ऑइलचा दाब गळतो, दाब गळला की क्लच प्लेटा घट्ट धरत नाहीत, घसरतात, जळतात. म्हणूनच नुकसान ओढल्याच्या दिवशी न दिसता नंतर दिसतं. तोवर मालकाला ओढल्याची आठवणही राहिलेली नसते, आणि दोष जातो तो ‘ऑटोमॅटिक गाड्या नाजूकच असतात’ या समजुतीवर, किंवा ज्या मेकॅनिकनं अल्टरनेटर बदलला त्या बिचाऱ्यावर.

जुनी माणसं मला सांगतात की पूर्वीच्या परदेशी ऑटोमॅटिक गाड्या ओढल्या जात, एवढंच काय ढकलून सुरूही होत. ते खरं आहे. १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाइलमध्ये जो हायड्रामॅटिक गिअरबॉक्स आला त्याला दोन पंप होते, एक पुढे इंजिनाकडून फिरणारा आणि एक मागे शाफ्टकडून फिरणारा. चाकं फिरली की मागचा पंप फिरायचा आणि वंगण चालू राहायचं. पुढे स्टार्टर आणि बॅटऱ्या भरवशाच्या झाल्या, ढकलून सुरू करण्याची गरज उरली नाही, आणि कारखान्यांनी खर्च व गुंतागुंत वाचवण्यासाठी तो मागचा पंप काढून टाकला. साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत तो बहुतेक ठिकाणांहून गेला. माझ्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा मला सापडत नाही. ओढणं सुरक्षित होतं ते पंपामुळे, न्यूट्रलमुळे नव्हे. पंप गेला आणि न्यूट्रल राहिलं, तेवढ्यानं ओढणं धोक्याचं झालं.

याहून वजनदार आक्षेप गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेचा आहे. काही पुस्तिकांत स्पष्ट लिहिलेलं असतं की न्यूट्रलमध्ये, ताशी ५० किलोमीटरच्या आत, ५० किलोमीटरपर्यंत ओढायला हरकत नाही. मग मी कंपनीपेक्षा शहाणा का? नाही. ज्या गाडीच्या पुस्तिकेत ही सूट आहे त्या गाडीला ती आहे, मला मान्य आहे. पण ती त्याच गाडीपुरती आहे. शेजारच्या गाडीच्या पुस्तिकेत चारही चाकं उचलून न्या, एवढंच लिहिलेलं असू शकतं. वेग आणि अंतर या दोन्ही अटी एकत्र पाळायच्या आहेत, आणि महामार्गावर ओढून नेणारा माणूस ताशी पन्नासच्या खाली राहतो का, हे पुढच्या गाडीत बसलेल्यालाच ठाऊक. शिवाय ही सूट गिअरबॉक्स धडधाकट आणि त्यात ऑइल पुरेसं आहे असं धरून दिलेली असते. आपल्याकडे पावसाळ्यात गाड्या कशा बंद पडतात ते आठवावं. खड्ड्यात किंवा दगडावर चेंबर आपटून फुटतो, ऑइल रस्त्यावर सांडतं, आणि त्याच गाडीला दोर बांधला जातो. चिपळूणमध्ये जुलै २०२१ मध्ये आला तसा पूर आला की गाड्या काचेपर्यंत पाण्यात राहतात, गिअरबॉक्सच्या हवेच्या नळीतून पाणी आत शिरतं. क्लच प्लेटांवरचं अस्तर कागदासारख्या तंतूंचं असतं, डिंकानं चिकटवलेलं. पाण्यानं ते फुगतं आणि सुटतं. अशा गाडीला पुस्तिकेतली सूट लागू होत नाही.

‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली आज चार वेगळ्या यंत्रणा विकल्या जातात, आणि हाही गोंधळाचा भाग आहे. मारुतीनं २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर जी एएमटी आणली, ती आतून साधा हातानं बदलायचा गिअरबॉक्सच आहे. क्लच दाबायला आणि गिअर बदलायला यंत्राचे हात लावलेले. तिथे ऑइल उडूनच पोचतं, म्हणून ती न्यूट्रलमध्ये असेल तर ओढल्यानं आतून जळत नाही. अडचण एवढीच की बॅटरी मेली असेल आणि ती पहिल्या गिअरमध्ये अडकली असेल, तर न्यूट्रलमध्ये आणायची कशी? सीव्हीटीचं दुखणं सगळ्यांत वाईट. दोन पुलींवर लोखंडी पट्टा चालतो आणि त्याला घट्ट धरणारा दाब पंपच देतो. चाकांकडची पुली फिरत राहिली आणि दाब नसला तर पट्टा सैल, कोरडा फिरतो, पुलीच्या गुळगुळीत तोंडावर चरे पाडतो. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत मोटर चाकांशी कायम जोडलेली असते. चाक फिरवलं की ती वीज तयार करू लागते, आणि ती वीज जायची कुठे हा प्रश्न गॅरेजच्या आवाक्यातला नाही. म्हणून तुमच्या दांड्यावर पी-आर-एन-डी लिहिलं आहे यावरून काहीच ठरत नाही. ताकद कुठल्या चाकांना जाते आणि आतल्या ऑइलला कोण ढकलतं, या दोन गोष्टींवर ठरतं.

पहिल्या गोष्टीत क्रेनवाल्यांकडूनही चूक होते, आणि मी त्यांना दोष देत नाही. ते रात्री-अपरात्री घाटात उभे राहून काम करतात आणि त्यांच्याकडे जो आकडा आहे त्यानं गाडी उचलतात. तो आकडा बहुधा गाडी पुढून उचलतो. क्रेटासारख्या, ताकद पुढच्या चाकांना जाणाऱ्या गाडीला हे अगदी योग्य आहे: पुढची चाकं हवेत, मागची नुसती घरंगळत येतात, फक्त हँडब्रेक सोडलेला हवा. तीच क्रेन तशाच पद्धतीनं इनोव्हा क्रिस्टा उचलते तेव्हा घोटाळा होतो, कारण क्रिस्टाची ताकद मागच्या चाकांना जाते आणि नेमकी तीच चाकं रस्त्यावर राहतात. बाहेरून पाहणाऱ्याला गाडी व्यवस्थित उचललेली दिसते, आत गिअरबॉक्स कोरडा फिरत असतो. अशा वेळी मागून उचलून पुढचं स्टिअरिंग सरळ बांधावं, किंवा डिफरन्शियलकडचे बोल्ट काढून प्रोपेलर शाफ्ट सोडवावा आणि वर बांधून ठेवावा. अर्ध्या तासाचं काम आहे. चारही चाकांना ताकद जात असेल तर फ्लॅटबेडशिवाय पर्याय नाही.

फ्लॅटबेड महाग पडतो आणि यायला वेळ लावतो, हा आक्षेप पोटतिडकीचा आहे आणि मी तो उडवून लावत नाही. पण फरक काही हजारांचा असतो आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुन्हा बांधण्याचं काम लाखाच्या घरात जातं. विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतलेलं असेल तर फोनवर ‘गाडी ऑटोमॅटिक आहे, फ्लॅटबेडच पाठवा’ एवढं सांगायचं असतं. न सांगितलं तर जवळची क्रेन येते. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन केला तरी हेच सांगावं. गाडी लेनच्या मधे उभी असेल तर ती तशीच ठेवा असं मी म्हणणार नाही. न्यूट्रलमध्ये टाकून चालत्या माणसाच्या वेगानं शे-दीडशे मीटर कडेला ढकलल्यानं काहीही बिघडत नाही, आणि जिवापुढे गिअरबॉक्सची काय किंमत! फ्लॅटबेडवर विंचनं चढवतानाही गाडी तशीच हळू सरकते, तिथेही भीती नाही. भीती आहे ती पी मध्ये अडकलेली गाडी हिसडे देऊन ओढण्याची. पी मध्ये एक बोटाएवढं पोलादी खुंटं दात्यांच्या चाकात अडकून बसतं. हिसड्यानं ते तुटतं आणि तुकडे आत पडतात. बऱ्याच गाड्यांत दांड्याच्या शेजारी नखाएवढं झाकण असतं. ते उचकटून आत किल्ली दाबायची, ब्रेकवर पाय ठेवायचा आणि दांडा न्यूट्रलला सरकवायचा. दांड्याऐवजी बटण असलेल्या गाड्यांत हे झाकण सहसा नसतं. तिथे दुसरी बॅटरी जोडून वीज द्यावी लागते, हँडब्रेकही विजेचा असेल तर त्यासाठीही.

आणि गाडी ओढून आणून झालेलीच असेल तर? तर ती सुरू करून ‘चालते ना’ हे पाहण्याची घाई करू नये. आधी ऑइल काढून पांढऱ्या कपड्यावर टाकावं, रंग आणि वास पाहावा. मग चेंबर उघडून त्यातलं लोहचुंबक पुसून पाहावं. त्यावर राखाडी, काजळासारखा मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज आहे. नवीन ऑइल आणि फिल्टर टाकून गाडी द्यावी. पण चुंबकाच्या आजूबाजूला, चेंबरच्या तळाशी, चुंबकाला न चिकटलेले पिवळसर चकचकीत कण दिसले, तर ते बुशाचं पितळ आहे. ती गाडी तशीच उघडी ठेवावी आणि गिअरबॉक्स खाली उतरवायची तयारी करावी.