नकाराची पावती

अण्णांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या स्टँडअपमध्ये होतो. कट केला. लगेच पुन्हा आला. अण्णा सहसा दुसऱ्यांदा फोन करत नाहीत, म्हणून माइक म्यूट करून बाहेर आलो. पोटात गोळा आला होता.

"मिक्सर फिरना झालाय," अण्णा म्हणाले.

मला हसू आलं. मग लक्षात आलं की ते हसत नाहीयेत. मिक्सर घेऊन पाचच दिवस झाले होते. बीडला नव्यानं झालेल्या एका सुपरमार्केटातून घेतला होता. खाली किराणा, वर टीव्ही, फ्रिज, मिक्सर. पावतीवर ३,४९९ रुपये. पैसे मी पुण्यातून मोबाइलवरून भरले होते आणि तिथूनच घ्या असा आग्रहही माझाच होता. आमचं गाव गेवराई तालुक्यात. याआधीच्या सगळ्या वस्तू गेवराईतल्या एका छोट्या दुकानातून आलेल्या. तिथला मालक अण्णांना नावानं ओळखतो, पण दर दोनशे रुपये जास्त लावतो, असं माझं म्हणणं होतं. मोठ्या दुकानात फिक्स रेट, पक्कं बिल, ऑफर. मी हे सगळं अण्णांना समजावून सांगितलं होतं, एखाद्या जाणकारासारखं.

व्हिडिओ कॉल लावला. "खालून बघा, लाल बटण असेल, ते दाबा." मोटरवर जास्त भार आला की ते बटण बाहेर येतं आणि मिक्सर बंद पडतो. थोडं थंड होऊ दिलं, बटण दाबलं की परत चालू होतो. अण्णांनी दाबलं. काही नाही. अर्ध्या तासानं पुन्हा दाबलं. काही नाही.

मागून आईचा आवाज आला. "म्या येसर बारीक करायला घातला, म्हणून जळला का रे?"

येसर म्हणजे आमच्याकडचा भाजलेल्या डाळी, धान्य आणि मसाल्यांचा पूड मसाला. त्याची आमटी होते. मिक्सर घ्यायचं कारणच ते होतं. मी म्हणालो, "नाही गं, मिक्सर त्याच्यासाठीच असतो." तिनं ऐकलं की नाही, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं बीडला गेले. बायकांना एसटीत २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आई सोबत असली की अण्णांना जरा स्वस्तात गेल्यासारखं वाटतं. मिक्सर खोक्यात, खोकं कापडी पिशवीत. दारातच गार्डनं अडवलं. पिशवी बाहेर ठेवा. अण्णा म्हणाले, पिशवीतलंच तर दाखवायचंय. मग पिशवी उघडली, खोकं उघडलं, मिक्सर बाहेर काढला, भांडी मोजली आणि एक चिठ्ठी चिकटवून वर सोडलं. आपण घेतलेली वस्तू घेऊन चोरासारखं आत जायचं, हे आई अजून सांगते.

वर ज्या पोरानं मिक्सर विकला होता तो नव्हता. तो दुकानाचा नव्हताच. कंपनीनं एजन्सीमार्फत उभा केलेला, शनिवार-रविवार येणारा. मोठ्या दुकानांत असे बरेच जण असतात. अंगात दुकानासारखाच टी-शर्ट, पगार मात्र दुसरीकडून. त्यांचं काम विक्रीपर्यंत. आपल्याला वाटतं दुकानदाराशी बोललो, प्रत्यक्षात दुकानाशी आपण बोललेलोच नसतो.

काउंटरवर दुसरा मुलगा होता, विशीतला. त्यानं मिक्सर प्लगला लावूनही पाहिला नाही. "काका, कंपनीला फोन करा. सर्व्हिस सेंटर संभाजीनगरला आहे." म्हणजे बीडहून शंभराच्या वर किलोमीटर. अण्णा म्हणाले, घेतला तर तुमच्याकडून. तो म्हणाला, गावाकडं व्होल्टेज कमी-जास्त होतं, त्यानं जळाला असेल, ते वॉरंटीत बसत नाही. मग आईकडं बघून विचारलं, "काय दळलं होतं यात?"

आई काहीच बोलली नाही. अण्णांनी मला फोन लावून त्या मुलाच्या हातात दिला. मी पुण्याच्या ऑफिसात वापरतो त्या आवाजात बोलायला लागलो. त्यानं मधेच थांबवलं. आवाज शांत होता, उद्धट अजिबात नाही.

"सर, मी घेतला असता. पण सिस्टीममध्ये ऑप्शनच नाही."

यावर मला काही बोलताच आलं नाही. कारण तो ऑप्शन का नसतो, हे मला त्या मुलापेक्षा जास्त माहीत आहे. मी दीड वर्ष एका परदेशी क्लायंटच्या बिलिंग सॉफ्टवेअरवर काम केलंय. दुकान कपड्यांचं होतं, पण गोष्ट तीच. काउंटरवरच्या माणसाचं लॉगिन वेगळं, मॅनेजरचं वेगळं. 'परत घ्या' हे बटण काउंटरवाल्याला दिसूच नये, असा बदल एकदा आला होता. तो मी केला. फार तर दोन तासांचं काम. एक अट लिहायची: हा मॅनेजर नसेल तर बटण लपवा. टेस्ट पास झाली, तिकीट बंद झालं.

त्याच सॉफ्टवेअरमध्ये वरच्या साहेबांसाठी एक स्क्रीन होता. कोणत्या दुकानात किती टक्के माल परत आला, ते त्यात दिसायचं. आकडा वाढला की चौकट लाल. त्यामुळे परत घेणारा मॅनेजर लाल दिसतो. न घेणारा हिरवा. आणि ज्या माणसाला काउंटरवरून परत पाठवलं, तो कुठेच दिसत नाही. परत घेतलेल्या मालाची नोंद होते, नकाराची होत नाही. त्याच्यासाठी आम्ही डेटाबेसमध्ये साधा रकानाही केला नव्हता. आई-अण्णा बीडला गेले, तासभर उभे राहिले, परत आले. दुकानाच्या हिशेबी त्या दिवशी काहीच घडलं नव्हतं.

त्या रात्री मी कायदा काढून वाचला. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत जे कुणी सांगितलं नाही ते फोनवर अर्ध्या तासात मिळालं. ग्राहक संरक्षण कायदा पहिल्यांदा झाला १९८६ साली. २४ डिसेंबरला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली, म्हणून तो दिवस ग्राहक दिन. त्याच्या बारा वर्षं आधी, १९७४ मध्ये, बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली होती. आता लागू आहे तो २०१९चा कायदा, २० जुलै २०२० पासून. त्यात स्पष्ट लिहिलंय की सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि बिलावर मुदत नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलं म्हणून दुकान सुटत नाही. तक्रार ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, वकील लागत नाही, वस्तू पाच लाखांपर्यंतची असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षं. आणि १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथं तक्रार नोंदवली की तिला क्रमांक मिळतो.

तो क्रमांक मला फार मोलाचा वाटला. कुठेतरी एक रकाना होता तर!

तक्रार केली. बिलाचा फोटो मागितला. अण्णांनी बिल शर्टाच्या खिशात ठेवलेलं, त्यावरची अक्षरं घामानं आणि उन्हानं पुसट झालेली. हे बिल थर्मल कागदाचं असतं, त्यात शाई नसते, उष्णतेनं अक्षरं उमटतात आणि उष्णतेनंच कागद खराब होतो. बीडच्या एप्रिलमध्ये त्याचा टिकाव लागणं अवघडच. तारीख आणि रक्कम कशीबशी वाचता आली. तुम्ही निदान एवढं करा, बिल हातात पडल्या पडल्या फोटो काढा.

आठवडा गेला. कंपनीकडून एक फोन आला, माणूस गेवराईपर्यंत येईल, गावात नाही, कधी येईल ते कळवू. पुढं काही कळवलं नाही. मी आयोगाची तयारी करू लागलो, तेव्हा अण्णा म्हणाले, "आधी एक अर्ज लिहून पाठव. साधा. दोन प्रती."

मी लिहिला. अमुक तारखेला वस्तू घेतली, अमुक दिवशी बंद पडली, अमुक दिवशी आपण परत घेण्यास नकार दिला, बदलून द्यावी अथवा नकाराचे कारण लेखी द्यावे. कायद्याचं नाव आणि १९१५चा तक्रार क्रमांक खाली. अण्णांनी गेवराईत प्रिंट काढली आणि एकटेच बीडला गेले.

पुढचं मला त्यांनी सांगितलं. तोच मुलगा काउंटरवर होता. अण्णांनी एक प्रत त्याला दिली, दुसरी समोर ठेवली आणि म्हणाले, "याच्यावर पोच दे."

त्याला कळेना. अण्णांनी समजावलं. सही, तारीख, शिक्का. अर्ज मिळाला एवढंच. पीक विम्याला देतात, तहसीलला देतात, बँकेत देतात. पोच घेतल्याशिवाय अण्णांनी आयुष्यात कुठला कागद कुणाकडं दिलेला नाही. तो म्हणाला, शिक्का माझ्याकडं नाही. अण्णा म्हणाले, ज्याच्याकडं आहे त्याला बोलव, मी बसतो. आणि विक्रीला ठेवलेल्या एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले.

मॅनेजर नावाचा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. त्यानं अर्ज वाचला, पुन्हा वाचला. पोच दिली नाही. वीस मिनिटांत दुसरा मिक्सर दिला, लावून दाखवला. सिस्टीममध्ये ऑप्शन होता.

निघताना अण्णांनी त्या मुलाला बाजूला घेऊन विचारलं, "तुझ्या पगारातून कापणार नाहीत ना रं?" तो म्हणाला, "नाही काका." अण्णांना ते खरं वाटलं नाही. मलाही खात्री नाही.

सोमवारी मी ऑफिसात एक तिकीट लिहिलं. दुकानानं माल परत घ्यायला नकार दिला तर कारणासह नोंद व्हावी आणि ग्राहकाला पोच मिळावी. आमच्या प्रॉडक्टच्या माणसानं विचारलं, कुठल्या क्लायंटनं मागितलंय? मी म्हणालो, कुणीच नाही. ते तिकीट यादीत खाली आहे. मी मधूनमधून उघडून बघतो.

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो. मिक्सर चालतोय. आई त्यात शेंगदाण्याची चटणी करते, लसूण वाटते. येसर मात्र गेवराईला कांडपावर पाठवते. मी म्हणालो, अगं, तो मिक्सर मुळातच खराब होता, तुझी चूक नव्हती. ती म्हणाली, "असू दे. परत जळला तर परत कोण जाईल तिथं?"