हडपसरहून एक दिवस : कोणती गाडी धरावी, कोणत्या गावी उतरावे?

हडपसर हे नाव आता खेड्यातल्या बहुतेक घरांत या ना त्या निमित्ताने ऐकू येते. कुणाचा मुलगा तिथे नोकरीला आहे, कुणाची लेक तिथे दिली आहे, कुणाला दवाखान्यासाठी चार दिवस राहावे लागते. पूर्वी हे गाव ऊस आणि भाजीपाल्याचे होते. पुढे सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेच्या आसपास एकर जमीन विकून न टाकता एकत्र केली आणि तिच्यावर मगरपट्टा नगरी उभी केली. आज तिथे उंच इमारती आहेत, पण त्यांत राहणाऱ्या कित्येकांची मुळे तुमच्या-आमच्या गावांतच आहेत.

अशा मुक्कामात एखादा दिवस मोकळा सापडतो. पाव्हणे म्हणतात, "आलाच आहात तर कुठेतरी जाऊन या." मग घरात चर्चा सुरू होते. एकाला जेजुरी हवी, दुसऱ्याला लोणावळा, तिसऱ्याला अष्टविनायकातले दोन गणपती एका दिवसात उरकायचे असतात. शेवटी दुपार होते आणि मंडळी घरीच जेवून झोपतात. शेतकऱ्याच्या घराला मोकळा दिवस वर्षातून किती वेळा मिळतो, हे तुम्हाला सांगायला नको. गोठा शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून आलेला तो दिवस वाया जाऊ नये, म्हणून रेल्वेने कुठे जावे आणि ते कसे ठरवावे, याविषयी चार गोष्टी सांगतो.

दोन वाटा

हडपसरचे एक वैशिष्ट्य वारकऱ्यांना पाठ आहे. आषाढी वारीत ज्ञानोबा आणि तुकोबांच्या पालख्या पुण्याहून निघाल्या की हडपसरला वेगळ्या होतात. माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद अशी जाते. तुकोबारायांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोर, यवत, वरवंड करीत बारामतीकडे वळते.

नवल असे की रेल्वेच्याही इथे दोनच वाटा आहेत आणि त्या जवळजवळ या पालख्यांच्याच मागून जातात. पहिली पुणे-दौंड वाट. तिच्यावरच हडपसरचे स्टेशन आहे. पुढे मांजरी, लोणी, उरुळी, यवत, खुटबाव, केडगाव, कडेठाण, पाटस आणि दौंड. १८५८ साली पुण्याच्या पूर्वेला रूळ पडले ते याच वाटेने. दुसरी पुणे-मिरज वाट. ती घोरपडीला फुटते आणि सासवड रोड, फुरसुंगी, आळंदी, शिंदवणे, आंबळे, राजेवाडी करीत जेजुरीला पोचते. ही वाट १९७१ पर्यंत मीटरगेज होती, नंतर रुंद झाली. सासवड रोड स्टेशन नावाने दूरचे वाटले तरी ते हडपसरच्याच अंगाला आहे. मात्र तिथे मोजक्याच पॅसेंजर गाड्या थांबतात. म्हणून जेजुरीला जायचे तर पुणे स्टेशनवरूनच बसणे सोयीचे पडते.

ठरवण्याआधी तीन प्रश्न

गाव ठरवण्याआधी घरात तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न, परतीची गाडी कोणती? लोक जाण्याची गाडी बघून निघतात आणि परतीचे "बघू" म्हणतात. दौंडच्या वाटेवर लोकलसारख्या दर तासाला गाड्या नाहीत. म्हणून आधी परतीची गाडी नक्की करा, मग तिच्यावरून मागे हिशेब करीत जाण्याची ठरवा. वेळा बदलत असतात. आदल्या दिवशी स्टेशनवर किंवा १३९ क्रमांकावर चौकशी करावी.

दुसरा प्रश्न, स्टेशनवर उतरल्यावर पुढे किती जायचे? रेल्वेचे तिकीट स्वस्त पडते, पण पुढच्या रिक्षा-जीपला त्याच्या कितीतरी पट जातात. म्हाताऱ्या माणसाला आणि कडेवरच्या पोराला झेपेल एवढ्या अंतरावर जे आहे, तेच खरे जवळचे.

तिसरा प्रश्न, हा दिवस कुणासाठी? हा प्रश्न कुणी विचारतच नाही, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा.

विस्ताराच्या कामात मी शेतकऱ्यांचे अभ्यासदौरे पुष्कळ पाहिले आहेत. एका दिवसात पाच ठिकाणे, गाडीत सगळे पुरुष, आणि परतल्यावर लक्षात राहते ते फक्त जेवण. पाच गावे दारातून पाहण्यापेक्षा एका गावात चार तास काढलेले बरे.

कोणते गाव कुणाला?

आता या तीन प्रश्नांच्या कसोटीवर एकेक गाव घासून पाहू.

जेजुरी. ज्यांचे कुलदैवत खंडोबा, ज्यांच्या घरात नवे लग्न झाले, त्यांना दुसरे गाव सुचवण्यात अर्थ नाही. गाडी शिंदवण्याचा घाट बोगद्यांतून चढते. पावसाळ्यात ती वाट पाहण्याजोगी असते. मात्र रविवार, सोमवती अमावस्या आणि चंपाषष्ठी टाळा. गडाला पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघे दुखणाऱ्याला आधी तसे सांगून ठेवा, म्हणजे वर निम्म्यात रुसवेफुगवे होत नाहीत.

थेऊर. चिंतामणीचे स्थान आणि थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी जिथे गेले ते गाव. जरूर पाहावे, पण लोणी स्टेशनवर उतरून वाहन शोधण्यापेक्षा हडपसरहून बसने जाणे सोपे. प्रत्येक ठिकाणी रेल्वेच हवी असा हट्ट धरू नये.

सिद्धटेक. दौंडपर्यंत गाडी, पण तिथून पुढे वीसेक किलोमीटर भीमेच्या पलीकडे जावे लागते. पूर्ण दिवस हाच एक बेत असेल तर जा. थेऊर आणि सिद्धटेक एका दिवसात रेल्वेने करू म्हणणाऱ्याच्या वाट्याला देवाचे दर्शन थोडे आणि फलाटाचे जास्त येते.

लोणावळा. पुण्याहून १९७८ पासून लोकल धावते, गाड्याही बऱ्याच. पण हडपसरकराला आधी पुण्यात जावे लागते, आणि पावसाळी रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. गर्दी टाळायला गावाहून आलेल्याने गर्दीत कशाला जावे?

केडगाव. आपल्या लेकीसुनांना दाखवावे असे हे गाव आहे. १८५८ साली, म्हणजे हे रूळ पडले त्याच वर्षी जन्मलेल्या पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात उपासमारीने मरणपंथाला लागलेल्या मुली आणि विधवा गोळा करून इथल्या माळावर आणल्या. तिथे मुक्ती सदन उभे राहिले. बायका विणकाम, छपाई, शेती शिकल्या. रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर केले, तेही या बायकांच्याच हातांनी छापून निघाले. रमाबाई १९२२ साली वारल्या. संस्था आजही आहे. धर्म कोणाचा कोणताही असो, दुष्काळात टाकून दिलेल्या माणसाला हाताला काम देऊन उभे करता येते, हा धडा शेतकऱ्याच्या घराला परका नाही. आत जायचे तर आधी परवानगी विचारावी. ज्यांना दर्शन हवे त्यांच्यासाठी नारायण महाराजांचे बेट आणि तिथले दत्तमंदिर याच केडगावजवळ आहे. हिवाळ्यात या भागात गुऱ्हाळांचा वास गाडीच्या खिडकीपर्यंत येतो.

पहिल्यांदा जाणाऱ्याने उरुळीला उतरावे

पण पहिल्यांदाच जात असाल आणि बरोबर म्हातारी माणसे व मुले असतील, तर माझे सांगणे असे की उरुळीला उतरा. तिन्ही प्रश्नांना हे गाव पुरे पडते. गाडीतला वेळ थोडा, स्टेशनपासून गाव आणि आश्रम चालण्याच्या अंतरावर, आणि पाहण्यासारखे प्रत्येकाला काहीतरी.

मार्च १९४६ मध्ये गांधीजी इथे येऊन आठवडाभर राहिले आणि निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. माती, पाणी, ऊन आणि साधा आहार यांवर गरिबाला परवडेल असा उपचार व्हावा, ही त्यांची इच्छा होती. गांधीजी गेले, पण त्यांच्याबरोबर आलेले मणिभाई देसाई हे गुजरातचे तरुण इथेच राहिले, ते अखेरपर्यंत. १९८२ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

याच मणिभाईंनी १९६७ साली 'बाएफ' ही संस्था काढली. गावरान गाई दूध थोडे देतात, आणि परदेशी गाय आणली तर तिला आपले ऊन सोसत नाही. तेव्हा आपल्या गाईला होल्स्टिन किंवा जर्सी वळूचे वीर्य कृत्रिम रेतनाने द्यायचे आणि संकरित कालवड शेतकऱ्याच्या दारातच वाढवायची, हा मार्ग त्यांनी धरला. वीर्य द्रवरूप नत्रात उणे १९६ अंश सेल्सिअसला गोठवून ठेवतात, म्हणून ते वर्षानुवर्षे टिकते आणि एका वळूचा उपयोग हजारो गाईंना होतो. तुमच्या गोठ्यात आज काळी-पांढरी गाय उभी असेल, तर तिच्या कुळाची गोष्ट अशाच केंद्रांतून सुरू झालेली असू शकते. घरात रोज धार काढणाऱ्या बाईला हे दाखवा. ज्या कांडीसाठी आपण डॉक्टरची वाट पाहतो, ती कुठून येते, हे तिला कुणी सांगितलेले नसते. केंद्र पाहायचे असेल तर आधी फोन करून विचारावे. जनावरांच्या आरोग्यासाठी अशा ठिकाणी कुणालाही सरसकट आत सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

उरुळी-सोरतापवाडीचा पट्टा फुलांचा आणि रोपवाटिकांचा. मुलांना फुले पाहू द्या, पण रोपे घ्यायची ती परतताना. कलम घेताना जोड नीट पाहा. जोडाच्या खालून फुटवे आलेले रोप घेऊ नका. पिशवीतून मुळे बाहेर येऊन गोल फिरलेली असतील तर तेही सोडा. परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्या आणि पावती मागा. दोनच रोपे घ्या. गाडीत मांडीवर घेऊन बसता येतील एवढीच.

गाडीत बसल्यावर

सकाळी दौंडकडून पुण्याकडे येणाऱ्या गाड्या नोकरदार, विद्यार्थी आणि दूधवाल्यांनी भरलेल्या असतात. तुम्ही उलट दिशेने जाता, म्हणून सकाळी बसायला जागा मिळण्याचा संभव जास्त. संध्याकाळी गर्दी पुण्याहून बाहेर पडते, तेव्हा तुम्ही आत येत असता. दिवस निवडण्याइतकीच दिशा निवडण्यालाही किंमत आहे, ती ही अशी.

पूर्वेकडे तोंड करून बसलात तर डावीकडे मुळा-मुठेचे खोरे आणि उजवीकडे डोंगर. यवतच्या दक्षिणेचा डोंगर भुलेश्वराचा. खडकवासल्याहून निघालेला नवा मुठा उजवा कालवाही याच दिशेने हडपसरवरून दौंड-इंदापूरकडे जातो. आज पुण्याचे नळ आणि दौंडचा ऊस एकाच धरणसाखळीवर अवलंबून आहेत. हडपसरला राहणाऱ्या नातवाला हे खिडकीतून दाखवा. त्याच्या घरातल्या नळाचे पाणी आणि आजोबांच्या उसाचे पाणी यांत वाटणी आहे, हे त्याला पुस्तकापेक्षा या एका प्रवासात जास्त कळेल.

तिकिटाविषयी थोडे. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांच्या मुलाला या अनारक्षित डब्यांत अर्धे. ज्येष्ठांची रेल्वेतली सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, हे आजोबांना आधीच सांगा. एसटीत उलट आहे. तिथे पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून भाडे नाही आणि महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे. तेव्हा घरात बायका आणि म्हातारी माणसे जास्त असतील तर दोन्ही हिशेब मांडून पाहा. पण पाय पसरून, पोरांना खिडकीशी उभे करून, दशमी-चटणी सोडून जाण्याचे सुख एसटीत नाही, एवढे मात्र खरे. पाणी घरून भरून घ्या. रूळ ओलांडू नका. पूल कितीही लांब असला तरी पुलावरूनच या.

शेवटी तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. आपल्या घरात प्रवास ठरतो तो लग्नाला, मयताला किंवा देवाला. त्यातही कुठे जायचे हे पुरुष ठरवतो आणि बाई डबा बांधते. डबा तिनेच बांधायचा असेल तर गाव तरी तिला निवडू द्या. ती कदाचित जेजुरी म्हणेल, कदाचित केडगाव. कदाचित म्हणेल, "कुठेच नको, नुसते दौंडपर्यंत खिडकीत बसून जाऊ आणि परत येऊ." तेही चालेल. दौंड पुण्याहून सुमारे ७५ किलोमीटर आहे, दीडेक तासाची वाट. वर्षभर चुलीपासून गोठ्यापर्यंत चालणाऱ्या बाईने एक दिवस बसून राहावे आणि गाडीने चालावे, यालाही सहलच म्हणतात.