दोन सायकलींची एक करावी का?

ट्रायथलॉन म्हणजे एकापाठोपाठ पोहणे, सायकल आणि धावणे. छोट्या शर्यतीत ७५० मीटर, २० किलोमीटर आणि ५ किलोमीटर. अशा शर्यती आता कोल्हापुरातही भरतात. माझा पुतण्या यंदा प्रथमच उतरणार आहे. त्याच्याकडे दोन जुन्या रेसिंग सायकली आहेत. एक अंगाला बसते, पण चाके दुसरीची चांगली. "काका, चाके बदलू?" त्याने विचारले.

मी म्हटले, आधी माप घे. २७ इंची रिमवर टायर बसतो तो व्यास ६३० मिलिमीटर, ७०० सी रिमचा ६२२. मोठ्याच्या जागी लहान चाक घातले, तर ब्रेकचे रबर ४ मिलिमीटर खाली यायला हवे. आले नाही, तर ते टायरला घासते. उतारावर टायर फुटला, तर पोराच्या जिवाशी गाठ! मागच्या आखाची जागाही बऱ्याच जुन्या सायकलींत १२६, नंतरच्यांत १३० मिलिमीटर असते. ॲल्युमिनियमची फ्रेम तर ताणून मुळीच बसवू नये.

तेव्हा अंगाला बसणारी सायकलच ठेवा. सीट हवी तर बदला. पैसे नवे टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर आणि तारा यांवर घाला. बैल कितीही चांगला असो, जोडीला जुळला नाही तर औत नीट चालत नाही, हे तुम्हांला मी काय सांगावे?