पानांचा खड्डा

आमच्या नागपूरच्या घरामागे दोन कडुनिंब आहेत. माघ सरत आला, की ते पाने ढाळू लागतात. मी लहान असताना संध्याकाळी ती पाने गोळा करून पेटवून देण्याचा रिवाज होता. एका संध्याकाळी वारा फिरला आणि सारा धूर आजीच्या खोलीत शिरला. आजीला दम्याचा विकार होता. ती रात्रभर उशीला टेकून बसून राहिली. तिच्या छातीतील घरघर मला पलीकडच्या खोलीत ऐकू येत होती.

दुसऱ्या दिवशी मी वडिलांना म्हणालो, "पाने जाळू नका, मी त्यांचे खत करतो." वडिलांनी होकार दिला, मात्र आषाढापर्यंत खत झाले नाही, तर पुन्हा काडी लावायची, असे त्यांनी बजावले.

मी खड्डा खणला, पानांनी भरला आणि वाट पाहत बसलो. चैत्र गेला. वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात गेला. पाने कुजण्याऐवजी पापडासारखी कुरकुरीत झाली! मी रोज खड्ड्यापाशी जाई आणि मान खाली घालून परत येई.

अशा वेळी यवतमाळ जिल्ह्यातून मामा आले. त्यांनी मूठभर पाने चुरगळली आणि ते हसून म्हणाले, "कोरडी पानं कोन खाईन, बापू?" त्याच जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे ह्यांनी खताची एक पद्धत रूढ केली आहे. तिला त्यांच्याच नावावरून 'नाडेप' म्हणतात. विटांच्या हौदाला हवेसाठी भोके ठेवायची आणि काडीकचरा, शेणकाला व माती ह्यांचे थर द्यायचे. आमच्याकडे हौद नव्हता. मामांनी खड्ड्यातच थर घातले, पाणी शिंपडले आणि बांबूने हवेसाठी भोके पाडली. आठवड्याने मी ढिगात हात घातला, तो चटका बसून मागे आला. आत कोणीतरी कामाला लागले होते!

हे 'कोणीतरी' कोण, ते मला महाविद्यालयात कळले. ते होते डोळ्यांना न दिसणारे बुरशी आणि जीवाणू. पानांच्या पेशींच्या भिंती सेल्युलोजच्या असतात. आपल्या विदर्भाच्या कापसात तर नऊ दशांशांहून अधिक सेल्युलोजच असते. १८७७ साली नागपुरात सुरू झालेल्या एम्प्रेस मिलने सूत काढले ते ह्याचेच. ग्लुकोज साखरेचे हजारो कण एका माळेत ओवले, की सेल्युलोज होते. ही माळ जीवाणूच्या देहात शिरू शकत नाही. म्हणून तो विकरे नावाची प्रथिने बाहेर सोडतो आणि ती माळ बाहेरच तोडतो.

परंतु विकरे घडविण्यास श्रम पडतात. समोर सेल्युलोज नसेल, तर ते श्रम वाया जावयाचे. मग बिनडोळ्यांच्या जीवाणूला कळते कसे? तापलेल्या खतात राहणाऱ्या थर्मोबिफिडा फस्का ह्या जीवाणूची युक्ती पाहा. एक राखणदार प्रथिन विकरांच्या जनुकांवर कुलपासारखे बसून असते. तरीही थोडीशी विकरे सदैव बाहेर जातच असतात. त्यांना सेल्युलोज भेटले, तर दोन कणांचा तुकडा सुटतो. त्याचे नाव सेलोबायोज. हा तुकडा आत येऊन राखणदाराला चिकटला, की राखणदाराची पकड सुटते आणि विकरे भराभर तयार होऊ लागतात. जणू हेर आधी पाठवावेत आणि त्यांनी वानगी आणल्यावरच फौज निघावी! जनुकांवरचे असले पहारे प्रथम उलगडले ते फ्रान्समधील जाकॉब व मोनो ह्यांनी, १९६१ साली, दुधातील साखर खाणाऱ्या जीवाणूंत. १९६५ साली त्यांना ल्वॉफ ह्यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

आयती साखर मिळाली, तर मात्र बहुतेक जीवाणू विकरांचे काम आवरते घेतात. हे मला पाहायचे होते. आजीने वळलेल्या दोन वाती मी दोन बाटल्यांत सोडल्या. दोन्हींत पाणी व चिमूटभर खत घातले आणि एकीत चार चमचे साखरही घातली. काही आठवड्यांनी साध्या पाण्यातील वात बाटली हलवताच तुटली. साखरेच्या पाण्यातील वात होती तशीच होती. तिच्यामागे साखर आंबल्याने आलेल्या आंबटपणाचाही हात असावा. माझा प्रयोग काही चोख नव्हता. आजीने दोन्ही बाटल्या उजेडात धरून पाहिल्या आणि म्हणाली, "म्हणजे तुझे हे जीवाणू तुझ्यासारखेच! गूळ मिळाला, की भाकरी राहते ताटात."

पण खड्ड्याचे सांगायचे राहिलेच. त्या वर्षी आषाढात वडिलांनी स्वतः फावडे घेतले. वरचा थर बाजूला करताच खालून काळेभोर, भुसभुशीत खत निघाले. वडिलांनी ते हातात घेतले, हुंगले आणि पहिली टोपली आजीच्या तुळशीला घातली. काडी लावण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

आता आजी नाही. यंदाही फाल्गुनात खड्डा भरला आहे. पहाटे गारव्यात त्यातून वाफेची बारीक रेघ वर जाताना दिसते, आणि आजीच्या खोलीची मागची खिडकी त्या बाजूला उघडीच असते.